ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला डेटा ॲप्लिकेशनमध्ये आणायला थेट एसक्यूएल क्वेरी मारता येते का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रजेचं ॲप्लिकेशन एसक्यूएल सर्व्हरवर आहे, माणसांची नावं, डिपार्टमेंट आणि कोणाचा मॅनेजर कोण हे सगळं ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (म्हणजे कंपनीतल्या यूजर आणि कॉम्प्युटरची मायक्रोसॉफ्टची नोंदवही) आहे, टीममध्ये एलडॅप (डिरेक्टरीशी बोलायची भाषा) कोणालाच येत नाही, तर डिरेक्टरीवर थेट सिलेक्ट चालेल का आणि त्यासाठी ओडीबीसी ड्रायव्हर (दुसरीकडचा डेटा टेबलासारखा दाखवणारं सॉफ्टवेअर) विकत घ्यावा का.

चालतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर (बाहेरच्या डेटाला जोडणारी वाट) बनवा, प्रोव्हायडर म्हणजे मधला दुभाषा एडीएसडीएसओऑब्जेक्ट, मग ओपनक्वेरीच्या आत सिलेक्ट लिहायचं, फ्रॉममध्ये टेबलाऐवजी डोमेनचा एलडॅप पाथ आणि व्हेअरमध्ये ऑब्जेक्टकॅटेगरी पर्सन आणि ऑब्जेक्टक्लास यूजर. दोन्ही अटी द्या, नुसता ऑब्जेक्टक्लास यूजर दिलात तर कॉम्प्युटरची अकाउंटं पण माणसं म्हणून यादीत येतात. सिलेक्ट स्टार करू नका, हातात फक्त एडीएसपाथ, म्हणजे नोंदीचा पत्ता येतो, कॉलम नावानिशी मागावे लागतात. विकतचे ड्रायव्हर पण आतून तेच करतात, तुमच्या व्हेअरचं एलडॅप फिल्टर बनवतात आणि आलेलं उत्तर ओळींमध्ये मांडून देतात.

पण रोजच्या कामाच्या ॲप्लिकेशनने डिरेक्टरीवर थेट क्वेरी मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री कॉपी काढा, आपल्या टेबलात ठेवा, सगळे जॉइन तिथे करा. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये.

मी अंधेरीत एका कंपनीत डेटाबेस सांभाळत होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको की मुंबईत ऑफिसमधून माणसं वेळेत सोडणं ही किती मोठी जबाबदारी आहे. आमच्याकडे त्यासाठी एक यादी होती, एचआरने प्रत्येकाचं स्टेशन डिरेक्टरीतल्या एका एक्स्टेन्शन ॲट्रिब्यूटमध्ये (जादा रकान्यात) भरून घेतलेलं, मोबाइल नंबर डिरेक्टरीत होताच, आणि कुर्ला-सायनला रुळांवर पाणी यायला लागलं की ॲडमिनने एक बटण दाबायचं, कल्याणच्या पलीकडच्यांना पहिला मेसेज, मग ठाण्यापर्यंतचे, मग हार्बर, वेस्टर्नवाले सगळ्यात शेवटी. कल्पना उत्तम होती आणि ती ॲडमिनच्या एका मॅडमची होती, कुठल्याही कन्सल्टंटची नाही.

हे बनवायला व्हेंडर आला. त्यांच्या आर्किटेक्टने पहिल्याच मीटिंगला सांगितलं की डिरेक्टरी म्हणजे डेटाबेसच, बटण दाबलं की लाइव्ह क्वेरी जाईल. मी म्हटलं, सर, कॉपी काढूया, डिरेक्टरीला उत्तराच्या लिमिट असतात, एकाला अनेक व्हॅल्यू असलेले ॲट्रिब्यूट असतात, जॉइन नाहीत, हे टेबलासारखं वागणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, प्रोव्हायडर आहे ना, तो बघून घेईल. तुम्ही टेबल समजा आणि क्वेरी टाका. कॉपी म्हणजे डुप्लिकेट डेटा, शिळा डेटा." आमचे आयटी हेड मला बाहेर आल्यावर म्हणाले की त्यांनी मोठी मोठी प्रोजेक्टं केलीत, आपण कशाला मध्ये पडायचं. मी मेल टाकून ठेवला आणि गप्प बसले, कारण निर्णय माझ्या हातात नव्हता.

टेस्टिंग झालं ते हेड ऑफिसच्या एका ओयूवर (डिरेक्टरीतला एक कप्पा), सगळं छान. नंतर गोडाउनची आणि डिस्पॅचची माणसं त्याच डोमेनमध्ये आली, हेडकाउंट हजाराच्या पुढे गेला, त्याकडे कोणी बघितलं नाही कारण काही तुटलंच नाही.

मग जुलैमधला एक दिवस. दुपारीच मेसेज गेले, लांबचे लोक पटापट निघाले. मी सर्व्हर रूममध्ये पाणी येतं म्हणून रात्री थांबले होते. रात्री उशिरा वॉचमन फोन घेऊन आला, बदलापूरहून एक काका, त्यांची मुलगी आमच्या डिस्पॅचला, ते विचारत होते की ती ऑफिसमधून कधी निघाली, फोन लागत नाहीये. मी म्हटलं थांबा काका, मेसेज किती वाजता गेलाय बघते म्हणजे अंदाज येईल. यादी उघडली तर तिचं नावच नाही. स्टेशन बदलापूर भरलेलं आहे, मोबाइल नंबर बरोबर आहे, अकाउंट चालू आहे, आणि यादीत नाव नाही. मग मी खाली शेवटपर्यंत गेले. एकूण नोंदी: १०००. गोल हजार. तो आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण कंपनी त्याहून बरीच मोठी होती. ती मुलगी नेहमीच्या वेळेला ऑफिसमधून निघालेली, कुर्ल्याच्या पुढे गाडी अडकलेली, पहाटे रुळांवरून चालत घाटकोपरला आली आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचली, सुखरूप. काकांशी मी रात्रभर फोनवर होते. तिच्यासारखे अजून बरेच होते ज्यांना मेसेज गेला नव्हता, आणि सिस्टिममध्ये एकही एरर नव्हता.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडे पण होईल. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मॅक्सपेजसाइझ नावाची पॉलिसी आहे, डीफॉल्ट १०००. क्लायंटने पानापानाने उत्तर मागितलं नाही तर सर्व्हर हजार नोंदी देतो आणि शेवटी कोड ४ पाठवतो, साइझ लिमिट एक्सीडेड. एडीओवाल्या (मायक्रोसॉफ्टची डेटा वाचायची लायब्ररी) कोडमध्ये पेज साइझ ही प्रॉपर्टी सेट केली नसेल तर हजार ओळी येतात आणि प्रोग्रॅमला वाटतं झालं काम. पानं करून मागायची सोय १९९९ पासून आरएफसी २६९६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) लिहिलेली आहे, नवीन काही नाही. आमच्या रिपोर्टात ती एक प्रॉपर्टी सेट नव्हती, बस. लिंक्ड सर्व्हरच्या ओपनक्वेरीत तर पेज साइझ द्यायची जागाच नाही, म्हणून लोक ए पासून झेड पर्यंत अक्षरागणिक क्वेऱ्या मारून युनियन करतात, आणि मग एक दिवस एसवाल्यांचीच संख्या हजाराच्या पुढे जाते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीऐवजी ओपनएलडॅप हा फुकटचा डिरेक्टरी सर्व्हर असेल तर सर्व्हरची डीफॉल्ट साइझलिमिट ५०० आहे, म्हणजे अजून लवकर फसाल.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला आर्किटेक्ट साहेब म्हणाले सर्व्हरची लिमिट वाढवा. अहो, ती लिमिट डोमेन कंट्रोलर वाचवायला आहे, त्याच मशिनवर सकाळी सगळ्या कंपनीचं लॉगिन चालतं. एका रिपोर्टासाठी ती ढिली करायची नाही, हे मी तेव्हा पण सांगितलं आणि आज पण सांगते.

आणि तो शिळ्या डेटाचा मुद्दा. डिरेक्टरी तरी कुठे क्षणोक्षणी ताजी असते? दोन साइटमधल्या रेप्लिकेशनचा (एका कंट्रोलरवरचे बदल दुसऱ्यावर पोचण्याचा) डीफॉल्ट इंटरव्हल १८० मिनिटांचा असतो. लास्टलॉगऑन तर रेप्लिकेट होतच नाही, ज्या कंट्रोलरला विचाराल त्याचंच उत्तर, आणि लास्टलॉगऑनटाइमस्टँप मुद्दाम ९ ते १४ दिवस मागे राहू शकतो. एलडॅप मिशिगन विद्यापीठात जन्मलं ते एक्स.५०० या जुन्या स्टँडर्डच्या जड डिरेक्टरीत हलक्या हाताने डोकावता यावं म्हणून, पहिली आरएफसी १९९३ ची. एका माणसाची माहिती पटकन शोधायची, वाचायचं जास्त, लिहायचं कमी, त्यासाठी ते आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. त्याच्याकडून रिपोर्ट काढून घ्यायचा हट्ट करू नका. बदलापूरला राहणारा माणूस रोज स्टेशन बदलत नाही, काल रात्रीची कॉपी पुरते.

तर तुमच्या रजेच्या ॲप्लिकेशनसाठी: पॉवरशेलच्या गेट-एडीयूजरने किंवा कुठल्याही एलडॅप लायब्ररीने, पेजिंग चालू करून, रात्री सगळे यूजर ओढा आणि एका टेबलात टाका. की म्हणून ऑब्जेक्टजीयूआयडी ठेवा, तो प्रत्येक नोंदीचा कधी न बदलणारा आयडी असतो. लॉगिननेम की करू नका, लग्नानंतर आडनाव बदललं की आयटीवाले लॉगिन बदलतात आणि तुमच्याकडे त्या बाईच्या शिल्लक रजा जुन्या नावावर अडकून बसतात. डीएन (डिरेक्टरीतला नोंदीचा पूर्ण पत्ता) पण की करू नका, ओयू बदलली की डीएन बदलतो. पण डीएनचा कॉलम ठेवाच, कारण मॅनेजर या ॲट्रिब्यूटमध्ये मॅनेजरचा डीएनच असतो, तुमची अप्रूव्हलची साखळी त्यावर सेल्फ जॉइन करून मिळेल, जो जॉइन डिरेक्टरीत करताच येत नाही. यूजरअकाउंटकंट्रोल हा आकडा तसाच आणा आणि २ चा बिट तुमच्या एसक्यूएलमध्ये तपासा, ५१२ म्हणजे साधं चालू अकाउंट, ५१४ म्हणजे बंद. तारखांचे मोठे आकडे १ जानेवारी १६०१ पासूनचे १०० नॅनोसेकंदांचे तुकडे आहेत, आणताना बदलून घ्या. मेंबरऑफ आणि अदरमोबाइल असे अनेक व्हॅल्यूवाले ॲट्रिब्यूट वेगळ्या टेबलात जातात, लिंक्ड सर्व्हरमधून ते मागितलेत तर क्वेरीच आपटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन कॉपी जुन्यावर चढवायच्या आधी ओळी मोजा. कालच्यापेक्षा बऱ्याच कमी असतील, किंवा गोल ५०० किंवा १००० असतील, तर थांबा, जुनी कॉपी चालू ठेवा आणि कोणाला तरी मेल जाऊ द्या. हा चेक पाच ओळींचा आहे. आमच्याकडे तो असता तर काकांना रात्री फोन करावा लागला नसता.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. लॉगिन मात्र कॉपीवरून करू नका, पासवर्ड तपासायला डिरेक्टरीवर लाइव्ह बाइंडच (नाव-पासवर्ड देऊन डिरेक्टरीत शिरणं) करायचं, पोर्ट ६३६ वरून, म्हणजे एन्क्रिप्टेड वाटेने, आणि पासवर्ड रिकामा असेल तर बाइंडला पाठवायच्या आधीच हाकलून द्या, कारण नाव देऊन रिकाम्या पासवर्डने केलेला बाइंड सर्व्हर अनऑथेंटिकेटेड म्हणून यशस्वी दाखवू शकतो आणि तुमचं ॲप्लिकेशन दार उघडतं. यूजरने टाइप केलेलं काही फिल्टरमध्ये घालत असाल तर कंस, स्टार आणि बॅकस्लॅश एस्केप करा. तुमची माणसं नुसती क्लाउडवर एन्ट्रा आयडीत (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डिरेक्टरी) असतील तर ते एलडॅप बोलत नाही, तिथे मायक्रोसॉफ्टचं ग्राफ एपीआय लागेल, पण रात्री कॉपी काढायची पद्धत तीच. कंपनी शे-दोनशे माणसांची असेल आणि महिन्यातून एकदा एखादी यादी बघायची असेल तर लिंक्ड सर्व्हर खुशाल वापरा, त्याला माझी ना नाही.

ड्रायव्हर विकत घ्यायचा का, तर रिपोर्टिंग टूलमधून बघण्यापुरता बरा आहे, काही ड्रायव्हर पेजिंग पण नीट करतात. फक्त पैसे द्यायच्या आधी व्हेंडरला तुमच्या पूर्ण डोमेनवर मोजणी करून दाखवायला लावा, टेस्टच्या ओयूवर नाही, आणि लिमिट लागल्यावर त्यांचा ड्रायव्हर एरर देतो की गप्प बसतो हे मेलवर लिहून घ्या. "तो बघून घेईल" असं उत्तर आलं तर सही करू नका, समोरचा कितीही मोठी प्रोजेक्टं केलेला असला तरी.