साडी, १९ पिना आणि एक डावा हात

"मॅडम, मला नाचता येतं. साडीत येत नाही."

मी समुपदेशक. माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलून मोकळ्या झाल्या. वय चाळिशीच्या जरा अलीकडे. भाचीच्या लग्नात सगळ्या मावश्या-माम्यांनी मिळून नाच बसवला होता आणि हाताशी सात आठवडे होते. लग्न, मंगळागौर किंवा ऑफिसचं स्नेहसंमेलन जवळ आलं की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिकत सांगते.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिरकी घेताना शेजारणीचा पाय त्यांच्या निऱ्यांवर पडला. निऱ्या कमरेतून निघाल्या आणि त्या मुठीत धरून ही मुलगी विंगेत पळाली. मागून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर ड्रेसवर कितीही नाचल्या असतील, साडीवर मात्र नाही. प्रॅक्टिसला साडी नेसायच्या तेव्हा १९ पिना लावायच्या. मोजून १९. तरीही डावा हात सारखा पोटाशी जायचा. नाचातली हाताची निम्मी हालचाल त्यामुळे गायबच व्हायची.

मी पहिल्याच भेटीत माझी चूक केली. सवयीप्रमाणे विचारांपासून सुरुवात केली: साडी सुटेलच याला पुरावा काय, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण मॅडम, साडी खरंच सुटते."

बरोबर होतं त्यांचं. पुढच्या भेटीला मी त्यांना साडी नेसूनच बोलावलं. परकर सॅटिनचा होता, त्यावर साडीही गुळगुळीत. एकावर एक दोन्ही घसरणारच. नाडी श्वास आत ओढून बांधलेली, म्हणजे दोन मिनिटं नाचलं की धाप लागणार, आणि ती धाप त्यांना घाबरल्याची खूण वाटणार. पदराची पिन हात खाली ठेवून लावलेली. मी म्हटलं, "दोन्ही हात वर करा बघू." हात वर गेले, पदर ताणला आणि कमरेच्या निऱ्या माझ्यासमोर बोटभर वर सरकल्या. आम्ही दोघी हसलो. इतकी वर्षं ज्याला त्या मनाचा कमकुवतपणा समजत होत्या, त्यातला बराचसा भाग खांद्यावरच्या एका पिनेचा होता.

मग तेवढं आधी दुरुस्त केलं. सुती, घेर असलेला परकर. (माशाच्या आकाराचा तो घट्ट शेपवेअर फोटोसाठी छान, पण त्यात ढांग टाकता येत नाही.) नाडी नेहमीचा श्वास घेत बांधायची. नाचताना घालायच्या त्याच चपला पायात घालून साडी नेसायची आणि काठ घोट्याच्या जरा वर ठेवायचा, म्हणजे टाच अडकत नाही. निऱ्या एकत्र पिनेने धरून मग खोचायच्या, आणि ती पिन परकरालाही घ्यायची. खांद्याची पिन हात वर करून पदराला सैल जागा दिल्यावर लावायची. शेवटी अर्धी बैठक मारून बघायची. कुठे ओढ बसते ते तिथेच कळतं. पाचवारीत खूप खाली बसायच्या स्टेप्स असतील तर त्या बदललेल्या बऱ्या. लावणी नऊवारीवर रंगते याला कारण आहे: काष्टा मागे खोचल्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात.

एवढं झाल्यावर पाच पिना पुरल्या. पण त्यांनी लावल्या १९च.

खरं समुपदेशन इथून पुढे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचं, म्हणजे चारचौघांत हसं होईल या भीतीचं, जे प्रारूप मांडलं, त्यात दोन गोष्टी कळीच्या आहेत. माणूस समोर बघायचं सोडून स्वतःकडेच बघत राहतो, आणि बचावासाठी काही ना काही करत राहतो. त्या बचावामुळेच भीती टिकते, कारण काही बिघडलं नाही तर श्रेय पिनेला आणि पोटाशी धरलेल्या हाताला जातं. पाचव्या पिनेपर्यंत ती खबरदारी होती. सहावीपासूनच्या कशाच्या, हे मी त्यांनाच विचारलं.

बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोट दिसतं हो." एका दिराने कधीतरी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "वहिनी, साडीत अजूनच भरलेल्या दिसता." म्हणजे डावा हात निऱ्या धरत नव्हता, पोट झाकत होता. कापडाची भीती आणि शरीराची लाज एकाच हाताखाली बसली होती. माझं मत विचाराल तर असल्या दिरांनाच माझ्याकडे पाठवायला हवं, पण ते येत नाहीत.

दर आठवड्याला दोन-तीन पिना कमी करत गेलो. आधी घरात एकट्याने, आरशाशिवाय. मग फोनवर व्हिडिओ काढून. बघण्याआधी लिहून ठेवायचं: काय काय वाईट दिसेल? त्यांनी आठ गोष्टी लिहिल्या. व्हिडिओ परक्या बाईचा समजून पाहिला, तर दोनच दिसल्या, आणि त्यातली एक होती पोटाशी जाणारा हात. शेवटी मोठ्या नणंदेसमोर मुद्दाम पदर खांद्यावरून पाडायचा आणि नाच न थांबवता पुन्हा घ्यायचा. यावर त्यांनी मला जवळजवळ शिव्याच घातल्या. करून आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताईंना वाटलं, स्टेपच आहे."

यावर मी त्यांना मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गमित्रांसमोर पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी शर्टावरचं चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात पाव जणांनीच ओळखलं होतं.

ही भीती फक्त साडीपुरती नसेल, मीटिंगमध्ये बोलताना किंवा चारचौघांत जेवतानाही तसंच होत असेल, तर घरच्या सरावावर थांबू नका, तज्ज्ञांना भेटा.

लग्नानंतर त्यांनी व्हिडिओ पाठवला. दोन्ही हात वर होते. मी फोन केला.

"पिना किती?"

"पाच."

"नक्की?"

"सहावी पर्समध्ये होती, मॅडम. पर्स भाचीकडे दिली होती."