माहितीपट दाखवून झाल्यावर वहीत काय लिहायला लावायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले नववीचे निबंध वाचले. माहितीपट चांगला निवडला होतास, मुलंही गुंगून गेली असणार. पण लिखाण बघ. पहिल्या परिच्छेदात पडद्यावरची गोष्ट, दुसऱ्यात 'मानव स्वार्थी झाला आहे' आणि शेवटी तुकोबांचा अभंग. यातले निम्मे निबंध माहितीपट न पाहताही लिहिता आले असते. मुलांना बोल लावू नकोस. 'यातून तुम्हाला काय संदेश मिळाला?' असं फळ्यावर लिहिलं की मुलं संदेशच देणार. मराठीच्या तासालाही हा प्रश्न मला फारसा पटत नाही, विज्ञानाच्या तासाला तर अजिबातच नको.

माहितीपट म्हणजे साक्षीदार, असं समज. त्याची साक्ष ऐकायची आणि मग उलटतपासणी घ्यायची.

पूर्ण फिल्म वर्गात दाखवायच्या फंदात पडू नकोस. प्रोजेक्टर लागून पडदे ओढेपर्यंत तासिकेची दहा मिनिटं जातात. सहा-सात मिनिटांचा तुकडा घे आणि दोनदा दाखव, पहिल्यांदा आवाज बंद करून. वहीचं पान उभं दुमडायला सांग. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलं ते. दुसऱ्या वेळी आवाज सुरू कर आणि निवेदक सांगतो ते उजवीकडे लिहू दे. मराठी माध्यमाच्या वर्गात याचा आणखी एक फायदा आहे: इंग्रजी निवेदन कळलं नाही म्हणून मागे बसणारी मुलं डाव्या रकान्यात सगळ्यांच्या पुढे जातात.

या दोन रकान्यांमधली फट किती मोठी असू शकते, ते दाखवायला लेमिंगची गोष्ट सांग. डिस्ने कंपनीची 1958 सालची 'व्हाइट वाइल्डरनेस' ही फिल्म. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले उंदरासारखे हे छोटे प्राणी कड्यावरून झुंडीने समुद्रात उड्या घेतात, असं तिच्यात दाखवलंय. तिला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. पुढे 1982 मध्ये कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने खरा प्रकार उघडकीला आणला. चित्रीकरण अल्बर्टा प्रांतात झालं होतं, तिथे समुद्रच नाही. लेमिंग मॅनिटोबातून आणलेले होते. थोड्याच प्राण्यांचा मोठा कळप भासावा म्हणून फिरत्या तबकडीचा वापर झाला आणि शेवटी त्यांना नदीत ढकललं गेलं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने त्यांची संख्या खूप वाढते, तेव्हा ते नव्या जागेच्या शोधात निघतात आणि पाणी ओलांडताना काही बुडतात. एवढंच. पण जगभरातल्या लोकांच्या डोक्यात तो कडा अजून आहे.

हे ऐकून 'सगळे माहितीपट खोटेच' असं म्हणणारा एखादा शहाणा वर्गात निघेलच. त्याला आवाजाकडे वळव. खूप लांबून, मोठ्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज माइकपर्यंत पोहोचेल का? असे आवाज बहुतेकदा स्टुडिओत तयार करून जोडतात. ही फसवणूक म्हणायची की सोय? यावर दहा ओळी लिहायला सांग. मतं दोन्हीकडची येतील, कारण मात्र प्रत्येकाने दिलं पाहिजे.

तुझ्या शाळेसाठी मी माहितीपटकार माइक पांडे यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' ही 2000 सालची फिल्म निवडली असती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या शिकारीवरची. जगातला हा सगळ्यात मोठा मासा, पण खातो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि बारीकसारीक प्राणी. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे, मांस परदेशी जायचं. 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, जागा मिळाली आणि त्यात या फिल्मचा मोठा वाटा मानला जातो. कापाकापीची दृश्यं आहेत, तेव्हा तुकडा आधी स्वतः बघून ठरव.

इथे खरं विज्ञान-लेखन सुरू होतं. बंदरावर ओढून आणलेले मासे पडद्यावर दिसतात. समुद्रात किती उरले, ते कुठे दिसतं? मग 'संख्या घटते आहे' असं म्हणायचं तर काय मोजावं लागेल? तेवढ्याच होड्या तेवढेच दिवस गेल्या आणि मासे कमी मिळाले, तर काहीतरी हाती लागतं. होड्या किती होत्या हेच माहीत नसेल तर नुसता आकडा मुका. एखादी मुलगी विचारेल, तोच मासा पुन्हा मोजला तर? तेव्हा सांग की व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि संशोधक फोटोंवरून एकेकाला ओळखतात. तिने विचारेपर्यंत मात्र गप्प राहा. शिक्षकांना हे सगळ्यात कठीण जातं.

आणि तुझ्या वर्गात गाबितांची, कोळ्यांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं आहेत, हे विसरू नकोस. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), ट्रॉलर (जाळं मागे ओढत नेणारी यांत्रिक होडी), पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं) यांतला फरक त्यांना निवेदकापेक्षा जास्त कळतो. गुजरातेत पुढे मच्छीमारांनीच जाळी कापून व्हेल शार्क सोडायला सुरुवात केली आणि वनखात्याने त्यांना भरपाई दिली. आपल्याकडेही संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापलं तर भरपाईची योजना आहे. घरी विचारून यायला सांग: कधी असा मासा जाळ्यात आला होता का, काय केलं, पैसे मिळाले का? कोणाचा बाप म्हणेल, पाच मिनिटांची फिल्म बघून आम्हाला खुनी ठरवू नका. तेही वहीत उतरू दे, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, बंदराच्या बोलीत. फक्त कोणी सांगितलं आणि त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं शेजारी लिहायला लाव.

गुण देताना या खेपेला शुद्धलेखन सोड. निम्मे गुण दोन रकाने चोख वेगळे ठेवल्याचे. उरलेले एका प्रश्नाचे, ज्याचं उत्तर फिल्ममध्ये नाही, पण ते कसं शोधायचं हे मुलाला सुचलंय. 'पर्यावरण वाचवणे ही काळाची गरज आहे' या वाक्याला शून्य, आणि तसं आधीच जाहीर कर. पहिल्या दिवशी वर्ग हवालदिल होईल. होऊ दे.

तुझी,
बाई