कोर्टात ‘लिहून देतो’ म्हणण्याआधी

प्रश्न: सिडकोतलं भाड्याचं घर 3 महिन्यांत रिकामं करतो, असं नाशिक कोर्टात लिहून द्यायचं आहे. नंतर तारीख हुकली तर?

उत्तर: कोर्टाला दिलेली लेखी हमी जाणूनबुजून मोडली तर 1971 च्या कायद्यानुसार तो न्यायालयाचा अवमान ठरतो. 6 महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून ‘नवीन घर मिळताच’ असलं मोघम लिहू नका आणि न झेपणारी तारीखही देऊ नका. अडचण आली तर मुदत संपायच्या आधी, कारणाच्या कागदांसह मुदतवाढीचा अर्ज करा. नंतर दिलेली कारणं फार लंगडी पडतात.

सोबत प्रतिज्ञापत्र असेल तर शेवटचा परिच्छेद नीट वाचा. टायपिंगवाल्याच्या तयार मसुद्यात ‘वरील सर्व मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा’ असं सरसकट असतं. घरमालकाने किंवा भावाने सांगितलेली गोष्ट ‘मिळालेल्या माहितीवरून खरी समजतो’ अशी वेगळी लिहा. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 नुसार 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोऱ्या जागा ठेवून सही तर अजिबात करू नका, कृपा करून.