मी विशारद आहे, नागपुरात घरी गाण्याचा क्लास सुरू करतेय, शिकवताना कोणती तत्त्वं पाळावीत?

तुम्ही विशारद आहात आणि नागपुरातच शिकवणार आहात, म्हणून आधी अभिनंदन. मीही इथे महाल भागात गाणं शिकवतो. माझ्या शिकवण्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गळ्याच्या आधी कान. आपण ‘सूर गेला’ म्हणण्याआधी ते विद्यार्थ्याला स्वतःला ऐकू आलं पाहिजे.

त्यासाठी पेटी (हार्मोनियम) जरा बाजूला ठेवा. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरांवर बांधलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. सतत पेटीच्या आधाराने गाणाऱ्या मुलाला हा फरक कळत नाही आणि पेटी थांबली की त्याचा सूर डळमळतो. भूप राग शिकवताना मी नुसता तानपुरा लावतो (मोबाइलमधला असला तरी चालतो) आणि गंधारावर दम पुरेल तोवर थांबायला सांगतो. नेमका सूर लागला की तो तानपुऱ्याच्या खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेत मिसळून जातो. मुलं चमकून माझ्याकडे बघतात. हे एकदा घडलं की पुढे फार बोलावं लागत नाही. भूप मुरल्यावर देसकार राग ऐकवतो. स्वर तेच पाच, पण इथे मान धैवताला (ध) आणि विस्तार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. कान तयार झालेली मुलगी लगेच म्हणते, ‘सर, हा भूप नाहीये.’

आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना सांभाळा, ही माझी कळकळीची विनंती. बारा-तेरा वर्षांपुढे आवाज घोगरा होतो, मध्येच चिरकतो, आणि मुलं लाजून क्लास सोडतात. त्यांना ‘नंतर ये’ म्हणू नका. त्यांचा षड्ज (सा) खाली आणा, तार म्हणजे वरचं सप्तक आणि ताना थांबवा, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात हलकं गाऊ द्या. हातावर ताल धरून तीनताल, एकताल म्हणवून घ्या. सोयीसाठी सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत गायला लावणं मला मुळीच पटत नाही.

पालक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षेचं विचारतीलच. परीक्षा द्यावी, तिनं शिस्त लागते. पण पाठ केलेल्या तानांवर वर्ष काढू नका. एखादी तान मुलाला स्वतः बांधू द्या, ओबडधोबड का असेना.

आणि विद्यार्थ्याला फक्त आपल्याकडेच अडवून ठेवू नका. गायक वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे किराणा घराण्याच्या सुरेशबाबू माने यांच्याकडे आणि भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडेही. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्याच नावाच्या सभागृहात चांगली मैफल असेल, तर त्या दिवशी क्लासला सुट्टी द्या, मुलांना घेऊन जा आणि पुढच्या वेळी काय ऐकलं ते गाऊन दाखवायला सांगा.