नकाशावरची पट्टी आणि लेकीचं विमान

प्रश्न : सर, लेक सॅन फ्रान्सिस्कोहून थेट बेंगळुरूला उतरली. नातवाच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ समुद्रावरून जाते. ती म्हणते, विमान बर्फावरून आलं. अंतर किती ओ नेमकं? – एक आई, खानापूर

उत्तर : पट्टी ठेवा बाजूला, अक्का. सपाट नकाशा ध्रुवाकडं ताणलेला असतो. शाळेतला पृथ्वीगोल मागून घ्या आणि दोन्ही गावांवर दोरा ताणून धरा. (मी वर्गात बायकोच्या गजऱ्याचा दोरा न्यायचो, घरी बोलणी खायचो.) दोरा उत्तर ध्रुवाजवळूनच जाईल. बेंगळुरू ७८ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोन्हींची बेरीज २००, ती ३६० मधून वजा केली की मध्ये १६० अंश, म्हणजे जवळजवळ पाठीला पाठ.

आता हिशेब. विषुववृत्तापासून ध्रुव ९० अंशांवर. बेंगळुरू १३ अंश उत्तरेला, म्हणून तिथून ध्रुव ७७ अंश; सॅन फ्रान्सिस्को ३८ अंश उत्तरेला, म्हणून ध्रुवापासून ५२. बेरीज १२९. एका अंशाला १११ किलोमीटर धरा, १४,३०० होतात. दोरा ध्रुवाला थोडी बगल देतो, म्हणून सुमारे १४,०००. वारा बघून वैमानिक वाट बदलतात, मग प्रत्यक्षात जास्तच पडतं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी याच मार्गावर ध्रुवावरून विमान आणलं होतं. लेक खरंच सांगतेय.