‘पीनट वर्म’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: समुद्री जीवांवरच्या मजकुरात ‘पीनट वर्म’ आला, तर ‘भुईमुगाची अळी’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘भुईमुगाची अळी’ म्हटलं की शेतकऱ्याला फवारणी आठवेल. शिवाय अळी ही कीटकाची बाल्यावस्था, पुढे तिचं फुलपाखरू, पतंग किंवा भुंगा होणार. हा प्राणी मोठा झाला तरी असाच राहतो. त्याचे स्वतःचे डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतले जीव, वेगळेच, समुद्रात तरंगणारे. आईबापालाच अळी म्हटलं तर त्या डिंभांना काय म्हणायचं?

‘गांडूळ’ही नको. आता जनुकीय अभ्यासानुसार हे प्राणी गांडुळांच्या गटात, म्हणजे वलयी संघातच धरतात, पण गांडुळासारखी वलयं यांच्या अंगावर नाहीतच! ‘सिपंक्युलस न्यूडस’ ही वाळूत राहणारी वीतभर जात पाहा. तिच्या कातडीवर आडव्या-उभ्या स्नायूंच्या पट्ट्यांमुळे बारीक चौकड्या दिसतात. धड मागे, पुढे निमुळती सोंड, तिच्या टोकाला तोंड आणि भोवती मऊ शुंडके, म्हणजे बोटांसारखे बारीक अवयव. ‘सोंड’ हा शब्द मी नाइलाजाने वापरतोय, कारण हत्ती काही सोंड पोटात घेत नाही. हा घेतो. हातमोज्याचं बोट उलटं करून आत ओढावं तशी अख्खी सोंड धडात जाते, अंग आखडतं आणि उरतो तो फुगीर दाण्याचा आकार. नाव त्यावरून पडलं, म्हणून ‘भुईमूग’ किंवा ‘शेंग’ नको, ‘शेंगदाणा’च हवा.

राहणी बिळातली: वाळू, चिखल, खडकाच्या भेगा, प्रवाळातली भोकं. काही जाती गोगलगायीच्या रिकाम्या शंखातही राहतात. शेपटीकडचं टोक बिळात अडकलेलं, म्हणून आतडं मागे जाऊन पीळ घेत परत पुढे येतं आणि गुदद्वार सोंडेच्या बुडाजवळ, पाठीवर उघडतं. सोय उत्तम आहे.

शब्दवेड्यांसाठी एक गंमत. यांच्या शरीरद्रवात प्राणवायू वाहणारं प्रथिन आहे ‘हेमेरिथ्रिन’. नावात ‘हेम’ आहे, पण रेणूत हीम, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, नाही. लोह आहे, तेवढंच. प्राणवायू मिळाला की जांभळट-गुलाबी, नाहीतर रंगहीन.

चीनमध्ये फुजियान किनाऱ्यावर यातल्या एका जातीला ‘मातीतला बांबूचा कोंब’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि ती उकळून थिजवलेली जेली लोक चवीने खातात. व्हिएतनाममध्ये वाळवलेले प्राणी ‘फो’ या नूडल्सच्या सूपच्या रश्श्यात घालतात.

तर माझं मत: ‘शेंगदाणा-कृमी’. ‘कृमी’ म्हटलं की पोटातले जंत आठवतात हे खरं, पण ‘चपटकृमी’, ‘गोलकृमी’ पाठ्यपुस्तकांत रुळलेत आणि त्यांतले कितीतरी स्वतंत्र जगतात. पहिल्या उल्लेखात ‘समुद्री’ जोडा, पुढे नुसतं ‘शेंगदाणा-कृमी’ पुरे. संपूर्ण गटाबद्दल लिहायचं असेल तर ‘सिपंक्युला’ तसंच ठेवा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘छोटी नळी’, पण त्याची ‘नलिकाकृमी’ करू नका, ते नाव नळीत राहणाऱ्या दुसऱ्याच कृमींना लागू पडतं.