डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन कमी करण्याने खरंच फरक पडतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दरवेळी उतरवलेलं वजन परत चढतं, तर डॉक्टरांकडून स्वतःपुरती योजना आखून घेतल्याने काही वेगळं घडेल का? आणि जनुकीय चाचणीवरून बेतलेला आहार घ्यावा का? पहिल्याला माझं उत्तर हो, दुसऱ्याला नाही.

दुसरं आधी सांगते, कारण ते लवकर आटोपतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुमारे 600 जणांवर वर्षभर चाललेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. दोन्हीकडे सरासरी घट पाच-सहा किलोंचीच. पण एकाच गटात कुणाचं वजन भरपूर उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. कुणाला कोणता आहार मानवेल, हे मात्र जनुकांवरून सांगता आलं नाही.

मग ते कळतं कशावरून? माझ्या अनुभवात, नीट विचारपूस करण्यावरून. पहिल्या भेटीत मला आहाराचा तक्ता मिळालाच नाही. कोणकोणती औषधं चालू आहेत, झोपेत घोरता का, दिवसा पेंग येते का, कामाच्या वेळा काय, आधी उतरलेलं वजन नेमकं कधीपासून परत वाढू लागलं, हे सगळं डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. यातला एकही प्रश्न उगाच नव्हता. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं, आणि पुष्कळदा डॉक्टरांना औषध किंवा मात्रा बदलता येते. (ती स्वतःहून बंद करू नका, स्टेरॉइड तर अजिबात नाही.) झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीची झोप पुरी होत नाही, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. थायरॉइडही तपासतात, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका, त्याने वाढणारं वजन बहुधा थोडंच असतं.

खरा फरक पडतो तो पुढच्या भेटींमध्ये. वजन उतरू लागल्यावर मला उठताना चक्कर यायला लागली. रक्तदाब खाली आला होता आणि गोळीची मात्रा जुनीच होती. डॉक्टरांनी ती कमी केली. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी एकदम खाणं कमी केलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून पुरेशी प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम हवा. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. छापील तक्ता यातलं काही बघू शकत नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. वजन परत येणं हा तुमचा आळस नाही, हे कृपा करून मनावर घ्या. वजन उतरलं की भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून वापरू लागतं. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांचंही तेच: एका मोठ्या चाचणीत ती थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आलं. काहींसाठी ही औषधं फार उपयोगी आहेत, माझा त्यांना विरोध नाही. पण ती किती काळ घ्यायची आणि थांबवल्यावर काय करायचं, हे सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

उद्दिष्टही डॉक्टरांसोबत ठरवा. आहे त्या वजनाच्या 5 ते 10 टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर सुधारते, त्यासाठी आधी 'आदर्श वजन' गाठावं लागत नाही. आणि पाच मिनिटांत, चालू औषधांची चौकशीही न करता कुणी तक्ता किंवा इंजेक्शन हातात ठेवलं, तर दुसरे डॉक्टर शोधा.